बिनकामाचं पाणी

आमच्या भंडारा जिल्ह्याला पाण्याचं अप्रूप नाही. वैनगंगा जिल्ह्याच्या मधून वाहते. बावनथडी, सूर, चुलबंद वाटेत येऊन तिला मिळतात. आणि नद्यांनी सोडलेली जागा तलावांनी भरून काढली आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजारी गेली, तलाव राहिले. पण यातलं कुठलंही पाणी रिकामं बसलेलं नाही. तलावाला पाळ असते, पाणी सोडायला तुडुम असतं, जास्तीचं जायला सलंग असतो, आणि तुडुम कधी उघडायचं यावर पिढीजात भांडण असतं. पाणी धानासाठी, मासोळीसाठी, शिंगाड्यासाठी, म्हशींसाठी. पाळीवर बसून नुसता पाण्याकडे पाहणारा माणूस दिसला, तर जाणारा-येणारा सायकल थांबवून विचारतो, "काय झालं गा?"

मी नोकरी केली ती पाटबंधारे खात्यात, कारकुनाची. म्हणजे उभा जन्म पाणी पाहण्यात नाही, लिहिण्यात गेला. कोणत्या गटाला किती पाणी, हंगाम कोणता, पाणीपट्टी किती, थकबाकी किती. पाणी माझ्यापर्यंत कायम कोरडंच पोचलं. आमची ही पवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या मावशीचं गाव गोसेखुर्दच्या जलाशयात गेलं. त्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी बसवली, आणि यथावकाश मावशीचं घर, विहीर, मारुतीचा पार हे सगळं ११४६ दशलक्ष घनमीटरांत जमा झालं. तेव्हापासून मोठं पाणी दिसलं की ही आधी हात जोडते आणि मग दोन पावलं मागे सरते.

अशा दोघांना लेकीने आणि जावयाने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून क्रूझची तिकिटं दिली.

आमच्याकडे माणूस विनाकारण कुठे जात नाही. लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख आणि देव ही प्रवासाची पाच मान्यताप्राप्त कारणं. हवापालट हे कारण डॉक्टरने कागदावर लिहून दिलं तरच चालतं. त्यामुळे जानेवारीत, धानाची चुरणी आटोपल्यावर, आम्ही बॅगा काढल्या तेव्हा शेजारच्या काकांनी रीतसर चौकशी केली.

"कुठी चालले?"

"मुंबईला."

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. जहाजात."

"जहाजात कोणी हाये का आपलं?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिने प्रसंग सावरला. "मुंबईले काम हाये," ती म्हणाली, आणि काकांचं समाधान झालं.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये भंडारा रोडला दुपारी बसलं की सकाळी मुंबई येते. भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आहे, भंडाऱ्याला नाही. त्यामुळे कुठे जायचं तर आधी आपल्याच गावापासून लांब जावं लागतं, याची आम्हाला सवय आहे. बॅलार्ड पियरवर जहाज उभं होतं. कॉर्डेलिया कंपनीचं हे 'एम्प्रेस' २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं. फ्रान्समध्ये १९९० साली बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. आमचं लग्न त्यानंतरच्या वर्षीचं. म्हणजे जहाज आमच्या संसाराहून वर्षभराने थोरलं. हे मी हिला सांगितलं, तेव्हा तिने धक्क्यावरून मान वर करून त्याचे सगळे मजले पाहिले आणि म्हणाली, "रंगरंगोटी बरी ठेवली." मी त्यातून स्वतःपुरता काही अर्थ काढला नाही.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एकत्र बोलावून संकटकाळी काय करायचं ते शिकवतात. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१४ साली, जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या शिस्तीतली ही कवायत. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. तरुण मंडळी त्या केशरी जाकिटांत फोटो काढत होती. हिने मात्र सगळं लग्नातल्या मंगलाष्टकांच्या गांभीर्याने ऐकलं, माझ्या जाकिटाचा पट्टा ओढून पाहिला, सैल वाटला म्हणून पुन्हा आवळला, आणि कर्मचाऱ्याला विचारलं, "भोंगा झोपेत ऐकू येते न्?"

संध्याकाळी जहाज हललं. हललं हे आम्हाला कळलंच नाही. मुंबईच मागे सरकायला लागली. कुलाब्याच्या टोकाला १८७५ साली बांधलेला प्राँग्सचा दीपस्तंभ लुकलुकताना दिसला आणि मग तोही गेला. मोबाईलच्या पडद्यावरचा एकेक दांडा गळत गेला. लेकीला 'पोचलो' म्हणून कळवायचं राहूनच गेलं. पण पोचलो कुठे, हाही प्रश्नच होता. कठड्याशी उभी राहून ही थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "आता कोन्तं गाव आलं?" समुद्राला गाव नसतं, हे तिला पटवून घ्यायला रात्र जावी लागली.

जेवणाचं काय सांगावं? टेबलं संपता संपत नव्हती. मी ताट घेऊन हिंडत होतो, इतक्यात पाहिलं तर ही भाताच्या भांड्यापाशी थबकलेली. एक शीत उचलून तिने अंगठा आणि तर्जनीत दाबलं, सोडलं, नाकाशी नेलं. मागे रांग थांबली. "लांब हाये," ती म्हणाली, "पन वास कुठी हाये?" आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिच्या नाकाचं मानांकन त्याच्या कितीतरी आधीचं. पांढऱ्या टोपीतला आचारी काही समजला नाही, पण आपली परीक्षा झाली आणि काठावर पास झालो एवढं त्याला कळलं असावं. तो हसला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ गोव्याची होती. जहाज मुरगावला लागलं. बंदर आलं की प्रवाशांची जी धांदल उडते, ती पाहून एस.टी. दहा मिनिटं चहाला थांबल्याची आठवण व्हावी. ज्याला त्याला इतक्या तासांत अख्खा गोवा उरकायचा होता. बहुतेक जण किनाऱ्यांकडे पांगले. हिला समुद्र पुरेसा झाला होता. तिला मंगेशी पाहिजे होतं. मंगेश हा मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगिजांच्या धाकाने १५६० साली भक्तांनी त्याला झुआरीपलीकडे प्रियोळला हलवलं. आमची टॅक्सीही कुठ्ठाळीवरूनच गेली. नदीवरचा पूल ओलांडताना हे तिला सांगितलं, तर ती खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "देव डोंग्यानंच आला असन." आंभोऱ्याला पूल होण्याआधी वैनगंगा डोंग्यातून ओलांडलेल्या माणसाला देवाच्या त्या प्रवासाचं कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

देवळासमोरच्या तळीच्या पायऱ्यांवर ती टेकली, आणि मी पाहिलं की तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. दर्शन झालं होतं. म्हणजे सहलीला कारण मिळालं होतं. "आता काकाले सांगता येते," ती म्हणाली. "मंगेशीले गेलतो म्हनावं. जहाजाचं उगीच कायले सांगाचं?"

त्यानंतर मात्र आला तो दिवस, ज्याच्यापुढे जहाजाच्या छापील पत्रकात नुसतं 'समुद्रात' एवढंच लिहिलं होतं. बंदर नाही, देव नाही, बाजार नाही. पत्रकात करमणुकीचा रतीब होता: तंबोला, जादूचे प्रयोग, नाच शिकवण्याचा वर्ग. पण कामं? एकही नाही. पाणी भरायचं नाही, दूध तापवायचं नाही, भाजी आणायची नाही, बँकेत जायचं नाही. नाश्ता आटोपून नऊ वाजता आम्ही वरच्या डेकवर दोन खुर्च्यांत बसलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत काय करायचं, या विचाराने दोघेही मनातून घाबरलो.

हिची तयारी होती. तिने पर्समधून कापसाची पिशवी काढली आणि वाती वळायला घेतल्या. हात रिकामे ठेवणं तिच्या घराण्यात नाही. पण समुद्रावरचा वारा घराण्याबिराण्याला विचारत नाही. पहिला पुंजका उडाला तो थेट पोहण्याच्या तलावात. दुसरा एका दिल्लीवाल्या गृहस्थाच्या चष्म्यावर बसला. मग ती आडोशाला सरकली, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि समुद्राला पाठ दाखवून तिने नेटाने पुढची फुलवात वळली. एक पंजाबी बाई कुतूहलाने शेजारी येऊन बसली. तिलाही कापूस मिळाला. अर्ध्या तासात तिथे तीन राज्यांच्या बायका वाती वळत होत्या, आणि खालच्या मजल्यावर त्यांचे नवरे जुगाराच्या यंत्रांपुढे बसलेले.

मलाही माझा रोग होताच. मी हिशेब करत होतो. जहाजाचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. त्यावरून रात्रभरात किती अंतर कापलं, हे काढलं. मग समोरच्या पाण्याकडे वळलो. नजर पोचते तिथवरचं क्षेत्र, सरासरी खोली, त्यात गोसेखुर्द किती वेळा मावेल... एकेक शून्य वाढत गेलं आणि कागद संपला. एवढं पाणी आणि एकाही खातेदाराचं नाव नाही! पाणीपट्टी लावायची तर कोणाला?

"एवढं पानी," ही म्हणाली, "न् एका बांधीलेबी कामाचं नाई."

वाती संपल्या होत्या. ती आता समुद्राकडे तोंड करून बसली होती.

"अजी, आपली वैनगंगा यातच येते न्?"

"नाही."

मग मी तिला सगळा मार्ग सांगितला. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम. बालाघाट, भंडारा करत खाली गेल्यावर वर्धा नदी भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला. दर पावसाळ्यात पेपरात येतं ना, गोसेखुर्दचे तेहतीस दरवाजे उघडले, ते सगळं पाणी पूर्वेला जातं. हा पश्चिमेचा समुद्र. यात आपल्या तालुक्याचा थेंब नाही.

"न् पाऊस? तो तं येते इथून?"

"आपल्याकडचा मोठा पाऊसही बहुतेक तिकडचाच. उपसागरात कमी दाबाचे पट्टे होतात ना, त्यांचा."

ती बराच वेळ गप्प बसली. एवढे पैसे खर्चून लेकीने भलताच समुद्र दाखवला, असं काही तिच्या तोंडून निघेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसली.

"म्हंजे याच्यासंग आपलं काई देनंघेनं नाई."

"काही नाही."

"मंग पाहाले हरकत नाई," असं म्हणून ती पाहायला लागली.

मला ते वाक्य मोठं वाटलं. ज्या पाण्याशी हिशेब असतो ते पाणी आपण पाहत नाही. त्याची पातळी पाहतो. नदी पाहिली की पूर आठवतो, तलाव पाहिला की रोवणी, जलाशय पाहिला की मावशीचं गाव. गोसेखुर्दला जलपर्यटनाची कामं सरकारने हाती घेतली आहेत, उद्या तिथेही बोटी फिरतील. पण तिथे ही खुर्चीत मांडी घालून बसेल का, याची मला शंका आहे. नुसतं पाहायचं तर पाणी परकं हवं.

माणसांचंही तेच असेल का? आमच्या दोघांत इतकी वर्षं जे बोलणं झालं, त्यातलं बहुतेक देण्याघेण्याचं: गॅस, फी, बियाणं, लग्नातले आहेर, कोणाचा फोन आला आणि कोणाला करायचा राहिला. त्या डेकवर हा सगळा माल दुपारच्या आतच संपला. नवा येण्याची सोय नव्हती, मोबाईल निपचित होता. मग एक अवघड शांतता पसरली. मी पत्रक पुन्हा वाचलं. तिने पर्सचे कप्पे पुन्हा लावले. आणि मग, काही कारण नसताना, ती बोलायला लागली. मावशीच्या गावी उन्हाळ्यात जायची, तेव्हा दुपारी सगळे झोपले की एकटी घाटावर जाऊन बसायची. पाय पाण्यात सोडून. पायांना बारीक मासे चावायचे. काही करायची नाही, नुसती बसायची. हाक आली की पळत घरी. "कोनी इचारलं तं सांगाची, भांडे घासाले गेलती," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. हे मला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्याची कुठे नोंदच नव्हती.

पुढची बंदरं झटपट सांगून टाकतो. कोचीला काठावरची चिनी जाळी पाहिली. लाकडी खांबांवर तोललेलं भलंमोठं जाळं, मागे दोरांना दगड टांगलेले. चार-पाच माणसं मिळून ते पाण्यात उतरवतात आणि वर ओढतात. ओढल्यावर ओंजळभर मासे निघाले. "आमचा धिवर एकटा जाळं फेकते न् याहून जास्त काढते," असा शेरा मारून ही पुढे निघाली. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला पुरलं होतं. १५२४ साली तो कोचीतच वारला आणि पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या. थडग्याची जागा अजून दाखवतात. १४९८ साली तो कालिकतला आला, तेव्हा त्याने आधी किनाऱ्यावर पाठवलेल्या माणसाला तिथे भेटलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनी विचारलं होतं, इथे कशाला आलात? उत्तर मिळालं, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. आमच्या शेजारच्या काकांचा प्रश्न असा पाचशे वर्षं जुना आहे. वास्कोच्या माणसाला निदान उत्तर ठाऊक होतं. पण ते उत्तर घेऊन निघालेल्यांनी पुढे जे केलं ते पाहता, कारण असलेल्या प्रवाशापेक्षा बिनकारण हिंडणारा प्रवासी यजमानांना बराच स्वस्त पडतो, असं माझं मत झालं आहे.

लक्षद्वीपला जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटींतून अगत्ती बेटावर नेतात. तिथल्या पाण्याचा रंग सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. कचेरीत निळी आणि लाल अशा दोनच शाया होत्या. सगळे त्या रंगात उतरले. ही मात्र एका घराच्या ओट्यावरच्या बाईशी हातवारे करून बोलत होती. त्या बाईची मल्याळम, हिची झाडीबोली, पण विषय एकच: प्यायचं पाणी कुठून आणता? बेटावर नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, विहिरी तेवढ्या थरापुरत्या. जास्त उपसा केला की खारं वर येतं. म्हणून कवरत्तीला २००५ साली आणि अगत्तीला २०११ साली सरकारने समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बसवले. वरचं कोमट पाणी निर्वातात वाफ करायचं आणि शेकडो मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. रोज लाखभर लिटर. हे मी हिला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे इथंबी पान्याले कामाले लावलंच मान्सानं." तिला त्याचं वाईट वाटलं, की बरं, हे मला ओळखता आलं नाही.

परतीचा दिवस पुन्हा समुद्रातला. नऊ वाजता आम्ही त्याच खुर्च्या गाठल्या. कापसाची पिशवी केबिनमध्येच राहिली होती, विसरली का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाई." मीही कागद-पेन घेतलं नव्हतं. पंजाबी बाई येऊन स्वतः वळलेल्या वाती दाखवून गेली. दिल्लीवाला चष्मा पुसून पुन्हा लावून बसला. दुपारच्या जेवणाची घोषणा झाली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "इतक्यात?"

घरी आल्यावर सांगायला गोवा, कोची, अगत्ती झालं. काकांना मंगेशीचा प्रसाद दिला, त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. लोक फोटो मागतात तेही बंदरांचेच. समुद्रातल्या दिवसांचे फोटो आमच्याकडे नाहीतच, कारण निळ्यावर निळं, त्यात दाखवायचं काय? पण लेकीचा फोन आला की ही चौकशी करते ती भलतीच. मुंबईहून एक फेरी असते म्हणे, कुठल्याच बंदराला न लागणारी. जहाज शुक्रवारी समुद्रात जातं, तिथे हिंडतं आणि परत येतं. ती किती स्वस्त पडते, आणि ज्येष्ठ नागरिकांना आणखी सूट आहे का, हे तिने विचारून ठेवायला सांगितलंय.